मोठ्याने वाच

दैवशाला सुरवसे, बी.एस्सी. नर्सिंग,
गाव औराद, तालुका निलंगा.
एवढं सांगून तू उभी राहिलीस देवगडच्या आमच्या वॉर्डात,
खिशाला चार रंगांची चार पेनं,
बुटांना अजून दुकानाचा वास.
समुद्र पाहिलास का, विचारलं.
म्हणालीस, एसटीतून दिसला. उतरल्यावर वेळ झाला नाही.

"थंय नाय गो, हंय दुखता!" पेशंट कळवळायचा,
आणि तू नेमकं थंय दाबायचीस.
बांगड्याच्या वासाने डबा खिडकीकडे सरकवायचीस,
शेंगदाण्याच्या चटणीची पुडी पुरवून पुरवून खायचीस.
मी पाहत होते. बोलत नव्हते.

मालंडकर तात्यांची शीर तुझ्याकडून तीनदा हुकली.
चाळीस वर्षं जाळं ओढलेला हात तो,
सुजलेला, निळा.
तेच म्हणाले, "रडतस कित्याक गो बाय?
खडपातली कुर्ली ती,
हात घातलस की आत पळता."

तू लिननच्या खोलीत सापडलीस.
धीर देणं मला जमत नाही.
म्हटलं, चादरी मोज.
अठ्ठावीस. सहा फाटक्या.
मग माझ्याच दंडाला पट्टा बांधायला लावला.
डोळे मीट. शीर दिसत नसते, लागते.
बराच वेळ तुझं बोट माझ्या कोपरात चाचपडत राहिलं.
"मिळाली," म्हणालीस,
तेव्हा आवाज तूर पारखणाऱ्या बाईचा होता.

औषध तीनदा वाचायचं, सांगितलं होतं तुला.
उचलताना, भरताना, टाकताना.
मोठ्याने. डॉक्टर घाईत असले तरी.
मी असले तरी.
तू वाचायचीस शाळेतल्या प्रार्थनेसारखं, हात जोडायचेच बाकी.
झाडूवाले गोपाळमामा म्हणायचे,
"झाली बाराखडी सुरू."

ती रात्र ऑक्टोबरातली.
वीज गेलेली, जनरेटर खोकत होता,
सावंत सिस्टरचं मूल आजारी म्हणून माझी सलग दुसरी ड्यूटी.
सात नंबरच्या बाईला अँटिबायोटिक द्यायचं.
पूड विरघळवायला पाण्याची अँप्यूल उचलली,
मान मोडली, सिरिंजमध्ये ओढलं.
हजारदा केलेलं काम. हाताला डोळे लागत नाहीत, असं वाटण्याइतकं.
तू टॉर्च धरून होतीस.
सवयीने वाचलंस:
"पोटॅशियम क्लोराइड."

पाण्यासारखंच दिसतं ते.
अगदी पाण्यासारखं.

सिस्टर, चुकलं, असं तू म्हणाली नाहीस.
फक्त पुन्हा एकदा वाचलंस, जरा हळू.
टॉर्च हलला नाही.
माझाच हात हलत होता.

सिरिंज टाकली. नवी घेतली. तू वाचलंस. मी दिलं.
सात नंबर झोपूनच होती,
तिच्या नवऱ्याची होडी सकाळी बंदरात लागणार होती.

मग टेबलाशी बसलो.
रजिस्टर पुढे ओढलं, तर तू म्हणालीस,
"लिहायचं का? झालं तर काहीच नाही."

रत्नागिरीत, माझ्या पहिल्या वर्षी,
असंच एक पान माझ्या सीनियरने फाडलं होतं.
माझ्यासाठी. माझी नोकरी वाचावी म्हणून.
तिचे उपकार मानते.
ते पान अजून घशात आहे.

लिही, म्हटलं. वेळ तीन चाळीस.
नुसतं मेस्त्री सिस्टर नको,
हेमलता पुंडलिक मेस्त्री, पूर्ण.
आणि कुणी पकडलं, तेही लिही.
तू खिसा चाचपलास.
"कोणत्या पेनाने?"

लाल की निळं, ते आता आठवत नाही.
लिहून झाल्यावर म्हटलं, आता वाच.
वाचलंस. मोठ्याने.
पाच नंबरवरून मालंडकर तात्यांनी कूस बदलली,
"काय झाला गो?"
तू म्हणालीस, अगदी आमच्यासारखं,
"काय नाय तात्या. बाराखडी."