तेरा अंश

लोटलीच्या रेबेलोंकडे तळघर नाही.
खाली जांभा, त्याखाली पाणी.
म्हणून भाताच्या जुन्या कोठीत
मी दोन एसी बसवले, एक राखीव,
आणि भिंतीवर काटा : तेरा अंश.

पॅरिसचा लिलाव रात्री फोनवर चालतो.
इर्मिनबाब कुजबुजत बोली लावतात,
पलीकडे बायको झोपलेली.
हातोडा पडला की मला निरोप : जागा कर.
मी फळी पुसून ठेवतो.

एकसष्टची बोर्दो. एकच बाटली,
माझ्या व्हॅनपेक्षा महाग.
"द्राक्षं सप्टेंबरात खुडली, शाबलो.
गोवा तेव्हा अजून तीन महिने दुसऱ्यांचा होता."
मागे विजेरी धरून ते पातळी बघतात :
मानेत आहे, की खांद्यावर उतरली.

प्यायची कधी?
"फोडली की किंमत संपली."

आमचा हुर्राक
मे सरायच्या आत संपवावा लागतो.
किंमत विचारायला कुणाला सवड नसते.

यंदा दीड दिवस वीज गेली, जनरेटर रुसला.
बाब लिस्बनला, मुलीकडे.
मी पोचलो तेव्हा काटा एकतीसवर.
बूच केसभर वर आलेलं,
शिशाच्या टोपणाखाली
एक थेंब, विटेच्या रंगाचा.

फडकं व्हॅनमध्ये राहिलं होतं.
बोटानं पुसला.
मग ते बोट कुठं पुसावं, कळेना.

"पातळी?" फोनवर त्यांचा आवाज,
मागे ट्राम.

"मानेतच आहे, बाब,"
मी म्हटलं, जरा उशिरानं.
जीभ टाळूवरून निघत नव्हती.