पाच अक्षरं

पहाटे पावणेपाच. रत्नागिरीच्या धावपट्टीवर दव.
पंखा अजून निजलेला, नुसत्या बॅटरीवर
पडदा उजळतो, हिरवट,
आणि विचारतो, कुठे जायचंय.

तो नावं घेतो पाच अक्षरांचीच, तीही इंग्रजी.
गोल बटण फिरवायचं, एकेक अक्षर पुढे येतं.
व्ही हवा असेल तर ए पासून उलटं फिरवलेलं बरं,
हे तिरोडकर सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं,
बाकी काही शिकवण्याआधी.

जयगडचा ड मावला नाही.
हेदवी मात्र चपखल बसलं.
तिथे वळायचं नव्हतं, तरी टाकून पाहिलं,
आजोळ आहे माझं. मग खोडलं.
वेळणेश्वरचं वेळणे झालं,
ईश्वर पडद्याबाहेर राहिला.
गुहाग. दाभो.
इथून डावीकडे, पाण्यावर.

वायरलेसवरून उतरवलेला कागद मांडीवर:
बोट फातिमा, साखरीनाट्याची, तांडेल अश्फाक होडेकर.
खलाशी एक, नेपाळचा. विंचमध्ये हात.
अक्षांश सतरा, एक्केचाळीस, पन्नास.

पन्नास काय?
सेकंद, की मिनिटाच्या शंभर भागांतले?
फरक सहाशे मीटरचा,
काळोखात तेवढ्यात अख्खी बोट हरवते.
पुन्हा विचारलं. खरखर, इंजिनाची धडधड,
मग होडेकर जिवाच्या आकांतानं ओरडले,
"टिंब हाय ताई, मधी टिंब!"
याच टिंबासाठी शाळेत पट्टी खाल्ली होती मी.

रेखांश बहात्तर अठ्ठेचाळीस.
बोटांनी सवयीनं त्र्याहत्तर लिहिलं,
किनाऱ्यावरचं सगळंच त्र्याहत्तर.

सर कागदी नकाशावर वीत टाकून बसलेले,
अंगठा दाभोळच्या खाडीवर, करंगळी निळ्यात.
"बावीस मैल हवेत. तुझं यंत्र काय म्हणतंय?"
सदतीस.
"दिशा?"
ऐंशी.
म्हणजे पूर्व.
म्हणजे होडेकरांची बोट मी
जाळ्यासकट, बर्फासकट
कासच्या पठारावर नेऊन ठेवली होती,
हंगामाच्या शेवटच्या फुलांत.

सर हसले नाहीत.
यंत्राला यात काही वावगं वाटलं नव्हतं.
इंधन पुरेल, एवढंच त्यानं कळवलं होतं.

उजाडता उजाडता उचलला त्याला.
आमच्या वाऱ्यानं त्यांच्या टोपल्या उडाल्या,
दोन तर समुद्रातच गेल्या, कुणी बघितलंही नाही.
टेकबहादूर. वय एकोणीस सांगितलं,
दिसत होता सोळाचा.
गमछात गुंडाळलेला हात छातीशी धरून
तो खाली पाहत नव्हता,
माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होता:
निळ्यावर एक रेघ, रेघेवर आम्ही.
यात बझांग आहे का, त्यानं हिंदीत विचारलं.
नव्हतं.
आम्हाला दिलेल्या पट्टीत हिमालय भरलेला नसतो.
जवळ आलं, म्हटलं मी,
आणि त्याला वाटलं, बझांग.

वाट उलटी करायचं एक बटण असतं.
दाबलं की दाभो, गुहाग, वेळणे, जयगा,
सगळी मुकाट्यानं रांग फिरवून उभी राहतात.

दुपारी सिव्हिलमधून फोन आला.
करंगळी गेली. बाकीची वाचतील.

संध्याकाळी आपली वाट आपण पुसायची, असा नियम.
पुसली.
तेवढा पाण्यातला बिंदू उरला,
यंत्रानं आपणहून त्याला शून्य सात नाव दिलेलं.
मी बटण फिरवलं.
एच. ए. ए. टी.
पाचवं घर तसंच सोडलं, लुकलुकत.

"यादी साफ ठेवत जा," सर जाता जाता म्हणाले.
हो सर, म्हटलं.