छाट

विडी घरकुलात तिसऱ्या गल्लीत
सकाळी नऊलाच पत्रा तापलाय.
फॉर्म क्रमांक एकशे सत्तेचाळीस:
नरसम्मा गाजूल, वय अंदाजे अठ्ठावन्न.
जन्म एक जानेवारी. या गल्लीत सगळ्याच
एक जानेवारीला जन्मल्यात.

रक्तदाब? गोळी होती. संपली.
साखर? नाही म्हणाले होते, तेव्हा.
तंबाखू?
हसते. मांडीवरचं सूप पुढे करते.
ओढत नाय बाई, वळते.
चाळीस वर्षं नाकातून गेलेली ती भुकटी
कुठल्या रकान्यात घालू?
ओढणे, खाणे, मिश्री,
पुढे चौकटच नाही.

लहानपणी घसा धरून ताप? सांधे सुजले होते?
कात्री पानावर थांबते.
दाजी पेठेत असताना. गुडघे असे.
आई विटकर तापवून शेकायची.
दोन महिने शाळा बुडली,
मग राहिलीच.
मी बरोबरची खूण करते.
तो ताप गेलाच नव्हता.
आत एका झडपेच्या बिजागरीत
गंजासारखा बसून होता.

मनगट धरते.
माझे वडील मागावर जॉबर. नुसत्या आवाजावरून सांगायचे,
पट्टा सैल आहे, धोटा अडतोय.
बिघाडालाही एक ठेका असायचा.
याला तोही नाही.
कागदाच्या पट्टीवर छोट्या लाटेच्या जागी
नुसती थरथर,
अक्कलकोट रोडवर दुपारी डांबरावर दिसते तशी.

छातीवर ऐकून मोजते: एकशे अडतीस.
मनगटावर: ब्याण्णव.
परत मोजते. तेवढेच.

काय झालं?
काय सांगू. काळीज ठोके देतंय,
सगळे हातापर्यंत पोचत नाहीत.
काही अर्धे भरलेले, वाटेतच जिरतात.

छाट, ती म्हणते.
ओकटी, रेंडू, मूडू करत
हजार वळून न्यायच्या.
कारकून ऐंशी काढून टाकतो,
ही सैल, ही वाकडी, या पानाला भोक.
मजुरी उरल्याची.
पण वळल्या तर हजारच ना?

सिव्हिलची चिठ्ठी देते. गुठळीचं सांगते,
पलीकडच्या अंबक्का बोल्लींचं नाव घेत नाही.
तिला माहीत आहे. उंबऱ्यातून दिसतंच:
उजवा हात मांडीत पडलेला,
डावा हवेत काहीतरी गुंडाळतोय.

शनिवारी मजुरी असते, सोमवारी जाईन.
सोमवारी नक्की?
कात्री पुन्हा चालू.

रात्री माहिती भरणाऱ्या पोराचा फोन.
मॅडम, एकशे सत्तेचाळीसला
समासात काय लिहिलंय? छाट शेहेचाळीस?
हो.
याला कोड काय टाकू?

पंखा फिरतोय. मी यादी
वरपासून खालपर्यंत परत बघते.