तीस किलो

मिरजेहून निघताना बॅग दोनदा काट्यावर चढली.
चार खंड ठेवले की एकतीस किलो सातशे.
काढले की मलाच हलकं हलकं वाटायचं.
शेवटी पातळ पुस्तक घेतलं, एकशे बारा पानांचं,
उरलेल्या जागेत लसणाची चटणी.

सोहारच्या कॅम्पात ते खिशात मावायचं.
रात्रपाळीला, समुद्राचं मीठ काढणाऱ्या पंपांपाशी
गेजवर डोळा ठेवून पाठ केलं:
देव कोण, माणूस कसा पडला, करार कुणाशी,
निवड म्हणजे काय. निवडीला दीड पान.
प्लांटच्या नियमावलीसारखी भाषा,
अलार्म वाजला तर हे कर.
का वाजला, ते नंतर.

शुक्रवारी उपासना सुटली की शद्रखकाका उघडे डिवचायचे,
"हे तुझं बाटलीबंद पाणी रे. समुद्र बघितलास का कधी?"
"काका, रोज बघतो. पिता येत नाही."

एप्रिलात आमोसला घरून फोन आला.
सात महिन्यांची मुलगी. ताप.
पहाटे बुटाची नाडी सोडता सोडता
त्यानं विचारलं, "तुझ्या पुस्तकात तिचं काय आहे?"
पान सापडलं. एकच वाक्य होतं, बरोबर होतं.
मला ते मोठ्यानं वाचवेना.

काकांचे चारही खंड बोटीनं आलेले, सोफ्याबरोबर.
तिसऱ्यावर काकू इस्त्री टेकवायच्या, पुठ्ठ्यावर त्रिकोणी डाग.
आत बारीक टायपात लेखक पंचेचाळीस पानं भांडत होता,
आधी इतरांशी, मग स्वतःच्याच मागच्या प्रकरणाशी.
काका अडखळत मराठी करून सांगत होते.
मग एका तळटिपेत तो एकदम थांबला:
इथून पुढे मला दिसत नाही.
ज्याला दिसतं तो दयाळू आहे, इतकंच ठाऊक.

"एवढंच सांगायला एवढी पानं?" आमोस म्हणाला.
काकांनी चष्मा काढला.
"पहिल्याच पानावर म्हणाला असता
तर शोधलं होतं, हे तुला पटलं असतं?"

कंपनीनं पासपोर्ट तिसऱ्या दिवशी दिला.
मस्कतला काट्यावर आमोसची बॅग नऊ किलो.
एकवीस किलो रिकामे, तरी त्यानं मागितलं ते पातळच.
विमानात हातात धरायला, म्हणाला.

परत आला नाही अजून. तो, आणि पुस्तकही.

मी काकांचा पहिला खंड आणलाय,
शब्दकोश मांडीवर, पान त्रेसष्ट.
देव मुळात जाणता येतो का, यावरच चाललंय.
देव अजून सुरू व्हायचाय.