नववा शब्द

हल शहर, जानेवारी, दुपारचे चार आणि बाहेर रात्र.
हिची शिफ्ट हॉस्पिटलात. टेबलावर मिहिकाचा कागद:
दहा इंग्रजी शब्द, दहा कोऱ्या रेघा,
प्रत्येकाचा उलट शब्द शोधा.

मला वाटलं, हे तर आपलं.
चाळीसगावला खैरनार गुरुजी फळ्यावर
'रात्र' लिहायचे, पुढे फुली मारायचे,
मग खडू आमच्याकडे रोखायचे.
दिवस! अख्खा वर्ग ओरडायचा,
उशीर झाला तर उजाडणारच नाही अशा घाईनं.

हॉट, कोल्ड. एम्प्टी, फुल. भराभर झालं.
चौथ्याला अडलो. डिसगस्टेड.
मी म्हटलं, डिस खोडून टाक.
"बाबा, गस्टेड असं काही नसतं."
केअरलेसचं केअरफुल झालं, होपलेसचं होपफुल,
आणि नववा होता रूथलेस.
रूथफुल? तिनं पेन्सिल चावली.
जाड डिक्शनरीत सापडलं:
रूथ म्हणजे दया. जुना शब्द, आता वापरात नाही.

"नाही कशी? शेजारीच तर राहते."

रूथ अ‍ॅटकिन्सन. ब्याऐंशी वर्षांची.
आमच्या निळ्या डब्यात केळ्याची साल दिसली
म्हणून कौन्सिलला दोन पत्रं घालणारी,
लसणाची फोडणी पडली की खिडकी अशी आपटणारी
की आमच्या फडताळातले कप किणकिणावेत.
ती दया?
पण बॉयलर बंद पडला त्या आठवड्यात
हिनंच कुंपणावरून एक हीटर पुढे केला,
वायर नीट गुंडाळलेली, प्लगवर रबर बँड.
काही बोलली नाही.
मार्च आला, गेला, तो परत मागितला नाही.

मिहिकानं रेघेवर रूथ लिहिलं,
पहिलं अक्षर कॅपिटल.
नावाला कॅपिटल लागतं, एवढं तिला पक्कं माहीत.

दहावा लीव्ह.
अराइव्ह, मी म्हणालो. स्टे, ती म्हणाली.
दोन्ही बरोबर वाटत होते आणि रेघ एकच.
चहा उतू जाईस्तोवर वाद घातला.
मग मी तिला सांगायला गेलो की आपल्याकडे
निघणारा माणूस चपला घालताना 'येतो' म्हणतो,
नारळ फोडला तर वाढवला म्हणतात,
बांगडी फुटली तरी वाढवलीच.
"मग तुम्हाला कळतं कसं," तिनं विचारलं,
"खरं काय झालं ते?"

हे गुरुजींनी कधी विचारलं नव्हतं.
"आवाजावरून," मी म्हणालो. सुचलं ते.

गुरुवारी कागद परत आला.
नवव्यापुढे लाल फुली, खाली हसरा चेहरा.
मी म्हटलं, असू दे, एक चुकलं.
ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना,
तुमच्या शाळेत दोन शब्दांच्या मध्ये हीच असायची."

शनिवारी रूथच्या दारात तिच्या मुलाची गाडी.
दोन बॅगा, एक दिवा, कापडात गुंडाळलेलं घड्याळ.
ब्रिडलिंग्टनला एका होममध्ये जागा मिळाली, तो म्हणाला.
तिनं मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं
आणि काही दुरुस्त केलं नाही.

मी हीटर घेऊन धावलो, वायर गुंडाळून, रबर बँड लावून.
हात झटकून म्हणाली, ठेवा, तुमच्याकडे गारठा जास्त.
आणि तो निळा डबा सांभाळा.

गुडबाय म्हणायचं होतं. तोंडातून निघालं:
"या."

ती जरा थांबली.
मान कलती करून माझ्याकडे बघितलं,
विचारलेल्या प्रश्नाला बघावं तसं.
"या," ती म्हणाली, त्यांच्याकडचं,
हो या अर्थाचं,
आणि गाडीत बसली.