डिस्टेंपर

आईला फोनवर सांगितलं, हल्ली डिस्टेंपरवर काम करते,
तर म्हणाली, अगं, तिकडे रंगाऱ्याची कामं बायकाही करतात?
मी हसले. पुढे सांगायचं राहूनच गेलं.
तिचा डिस्टेंपर फिका पिस्ता,
टेकलं की पाठीला लागतो.
माझाही लागतो तसाच,
न टेकता.

बर्लिन. जर्मनीतलं नव्हे,
न्यू हॅम्पशायरचं.
गिरणी पाडून झाली तरी
म्हाताऱ्यांना अजून कागदाच्या लगद्याचा वास येतो.
मार्चमध्ये लॉरेटा पेल्कीचा पहिला फोन:
भर दुपारी शाळेच्या फाटकाशी रॅकून,
पोरं शिट्ट्या मारतायत, हा पळत नाही.
डोळे चिपडांनी बंद, नाक वाहतंय,
जबडा मात्र चालू, रिकामाच,
कुणी सुपारी दिल्यासारखा.
(लॉरेटा सुपारी म्हणाली नाही. ती माझी भर.)

लोक म्हणतात, माणसाळलाय बिचारा.
माणसाळत कुणी नाही.
मेंदूत भीती राहते ती खोली
आधी रिकामी होते, एवढंच.

मग पोस्टाच्या जिन्याखाली करडा कोल्हा.
मग दोन स्कंक.
मग एक फिशर, जो वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही,
तो हायवेच्या मधोमध
घाण्याच्या बैलासारखा गोल गोल.
आणि एप्रिलच्या नऊ तारखेला, टॉवेलात गुंडाळून,
थिबोडोंचं पिल्लू, मॉक्सी, तीन महिन्यांचं.
लस पुढच्या पगाराला ठरली होती.

घराणं तसं आपल्या ओळखीचं.
गोवर याचा चुलतभाऊ.
बुळकांडीही यांच्यातलीच,
दावणीच्या दावणी रिकाम्या करून
अखेर स्वतःच पृथ्वीवरून गेली.
हा उरला. याचं एका घरात भागत नाही,
कुत्र्याकडे जेवतो, कोल्ह्याकडे हात धुतो.

रात्री पडद्यावर मी ओळीखाली ओळ लावते:
रॅकून, कोल्हा, फिशर, मॉक्सी.
पंधरा हजारांवर अक्षरं, जुळतात, जुळतात, जुळतात,
आणि किल्ली म्हणून जे प्रथिन वापरतो हा,
त्यात एका जागी एक अक्षर वेगळं.
ध चा मा.
शाळेत ऐकलं होतं, तेव्हा निदान
लिहिणारा हात होता, मनात काळं होतं.
इथे वैर नाही, बोरू नाही.
नक्कल करता करता चुकतो नुसता,
चुकतो, मरतो, चुकतो,
आणि एका चुकीला
कुणाचं तरी कुलूप उघडतं.

थिबोडोंचा एमरी, दहा वर्षांचा, टोपी हातात घेऊन:
त्यांनी मॉक्सीला दिला, की मॉक्सीनं त्यांना?
मी म्हटलं, अक्षरं तेवढं सांगत नाहीत.
तो म्हणाला, पाण्याचा वाडगा मी रात्री बाहेरच ठेवायचो.
त्यांनाही तहान लागते ना.

यावर मी काय बोलले ते आठवत नाही.
आठवतं ते असं, की लॉरेटानं खिडकी उघडली
आणि बाहेर बर्फ वितळत होतं, पन्हळीतून, फार मोठ्यानं.

मॉक्सी जगली.
ऑगस्टमध्ये दाखवायला आणली.
नवे दात आलेत, पोपडे उडालेल्या भिंतीसारखे,
पिवळे, खडबडीत.
झोपेत जबडा चालतो,
काय चघळते कुणास ठाऊक.
वाडगा आता रात्री आत असतो, एमरी म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता:
कुणीतरी येऊन ती जागा चाटून जातं.

रविवारी आईचा फोन.
झालं का गं तुझं ते डिस्टेंपरचं काम?
नाही, म्हटलं.
किती हात द्यावे लागतात तुमच्याकडे?
तीन, म्हटलं. तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं.
एवढे? आई थोडा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली,
भिंतीत ओल आहे का?