उजवी बाजू

या खेळात ब्रश नसतो.
असतात नुसते आकार: वर्तुळ, चौकोन, त्रिकोण,
कापून पडलेल्या नखासारखी एक कोर.
त्यांना ताणायचं, दाबायचं, कलतं करायचं,
आणि थरावर थर चढवत
गाडीच्या दारावर नाव उभं करायचं.
हजार थर मिळतात. त्यापुढे यंत्र हात वर करतं.

फोटो एकच आहे. सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी,
निळी साब, शेपूट वळणाबाहेर गेलेलं,
काचेमागे माझा भाऊ रौनो, म्हणजे एक हेल्मेट.
डाव्या दारावर बेकरीचं नाव: पॅन्कॅलाइनेन.
आमच्या लिपीत अकरा अक्षरं,
त्यातल्या तिघांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं.
जवळ जाऊन बघावं तर
अक्षरांचा चुरा होतो, टोस्टचा व्हावा तसा.

कारखान्यातून सुटले की मी बसते.
आनेकोस्कीत डिसेंबरात दुपारी तीनलाच रात्र होते,
त्यामुळे "रात्री जागतेस" असं कुणी म्हणू शकत नाही.
'न'च्या कमानीला सात तुकडे लागले.
'क'चा पाय मोडका होता, मूळ रंगाऱ्यानेच मोडलेला.
तो सरळ केला,
मग लाज वाटली, पुन्हा मोडला.

आणि भोक तर पाडताच येत नाही इथे.
अक्षराच्या पोटात पोकळी हवी असेल
तर गाडीच्याच रंगाचा ठिपका
वर ठेवून द्यायचा.
बघणाऱ्याला वाटतं, आरपार आहे.
पाच अक्षरांना पोटं. पाच निळे ठिपके.
निळ्याला निळा जुळवण्यात तीन संध्याकाळी गेल्या.
माझा संसार अकरा वर्षं टिकला होता,
ही रीत मला अगदीच नवी नव्हती.

राहिली उजवी बाजू.
खेळ आपणहून डावीचं प्रतिबिंब तिकडे टाकतो,
नाव उलटं, आरशातल्यासारखं.
त्यामुळे पॅन्कॅलाइनेन शेवटाकडून सुरू होतो.
फोटोत ती बाजू बर्फाच्या ढगात आहे.
शेवटी रौनोला फोन लावला.
तो कुओपिओत खिडक्या विकतो, तीन काचांच्या,
आणि गाड्यांचा विषय काढला की हवामानावर जातो.
"उजवीकडे काय होतं रे?"
बराच वेळ त्याच्याकडची टीव्हीच ऐकू आली.
"काही नव्हतं. म्हाताऱ्याने एकाच बाजूचे पैसे दिले होते."
मग म्हणाला, "प्रेक्षक डावीकडे उभे राहतात, असं त्याला वाटायचं."
मग म्हणाला, "उणे एकवीस आहे इथे."

मी उजवी बाजू पुसली.
दोनशे चौदा थर वाचले.
आयुष्यात इतकी बचत मी कधी केली नव्हती.

गाडी सगळ्यांसाठी खुली ठेवली.
महिनाभर कुणी फिरकलं नाही.
मग चिलीतल्या कोण्या एव्हारिस्तोने ती उचलली
आणि लाल रंगवली.
बस्स. माझी पाचही भोकं उघडी पडली!
लाल दारावर निळे ठिपके,
पोटात गोळी अडकलेली अक्षरं.
राग आला. खूप आला.
निळा परत लाव म्हणून लिहायला बसले,
आणि म्हटलं, आधी त्याची शर्यत तरी बघू.

बर्फातला तिसरा टप्पा. येतंच नाही त्याला काही.
पहिल्याच वळणावर गाडी गरकन फिरली
आणि उजवी बाजू समोर आली.
कोरी नव्हती.
टायर दुरुस्तीचं दुकान, कोन्सेप्सिओन,
खाली एक फोन नंबर,
आणि एक टायर, चार वर्तुळांचा,
मधलं भोक लाल.
त्याला जमलं होतं.

मी थर मोजायचा प्रयत्न केला. गाडी थांबेना.
डावी बाजू, उजवी बाजू, डावी,
बेकरी, पंक्चर, बेकरी,
आणि कुंपणापलीकडे, दोन्हीकडे उभे
ते पुठ्ठ्याचे प्रेक्षक
हात वर करून.